उष्ट्याचा तास

लग्नाला गेलं की लोक आधी नवरा-नवरी बघतात. आमचे सर आधी मांडवामागे जाऊन उष्ट्या ताटांचे टब बघून येत.

कामशेतला आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न होतं, तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिली पंगत उठली होती. सर टबापाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले, वाकून आत पाहिलं, ताटं आणून टाकणाऱ्या बाईंना "जरा थांबा हं" म्हणून थांबवलं, आणि आमच्याकडे येऊन म्हणाले, "मसालेभात घ्या. एक शीत कुणी टाकलेलं नाही. मठ्ठा घेऊ नका, आलं फार झालंय." तेवढ्यात मुलीचे वडील हात जोडत आले. "सर, काही कमी-जास्त?"

"मठ्ठा," सर म्हणाले.

वडिलांचा चेहरा पडला. केटरर जवळच होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुठल्या केटररकडून आलेत?"

मी सांगितलं की ते विद्यापीठात आहारशास्त्र शिकवतात. त्याचा विश्वास बसला नाही. जेवण संपेपर्यंत तो सरांच्या मागे मागे होता.

तळेगावच्या बाजूला एका विद्यापीठाचं आरोग्यविज्ञानाचं महाविद्यालय आहे, आणि त्याला लागूनच त्यांचं रुग्णालय. एकाच इमारतीत खाली फिजिओथेरपी, मधे प्रयोगशाळा-तंत्रज्ञान आणि सगळ्यांत वर आम्ही, म्हणजे आहारशास्त्र. मी तिथे पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला तेव्हा माझं वय सेहेचाळीस होतं. त्याआधी मी एका कारखान्याच्या कँटीनचे हिशेब सांभाळत होतो. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, आम्ही काही जण स्वेच्छानिवृत्ती घेऊन मागे राहिलो. माझी बी.एस्सी. रसायनशास्त्रातली होती, ती चालत होती. पत्नी लोणावळ्याच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "इतकी वर्षं हजार माणसांच्या डाळीचा हिशेब केलात, आता एकेका माणसाचा करा." मला ते पटलं. वर्गात बाकी सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. त्या मला काका म्हणत. सर मला "अकाउंट्स" म्हणत, पण अहो-जाहो करून.

सरांची एक पद्धत होती. दर सोमवारी ते वॉर्डात जाऊन कुठल्यातरी एका पेशंटचा आहारतक्ता उचलत आणि तो आठवडाभर स्वतः तेच जेवत. बिनमिठाचं असेल तर बिनमिठाचं, पातळ असेल तर पातळ. दुपारी त्यांच्या पत्नीचा फोन येई. सरांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू जाई.

"या आठवड्यात काय?"

"मूत्रपिंड."

"बरं. मग मी माझ्यापुरतीच मिसळ करते."

आम्हालाही सरांचा आठवडा माहीत असणं गरजेचं होतं. कुणाला रजा हवी असली की ती मुलगी आधी माझ्याकडे येई. "काका, सर काय आहेत सध्या?" मी सांगायचो, "पातळ आहार." "अगं बाई. मग पुढच्या आठवड्यात विचारते."

"टाळा" हा शब्द त्यांच्या विषयात चालत नसे. माझा पहिला आहारतक्ता मी मधुमेहाच्या पेशंटसाठी केला होता. वर उष्मांकांचं कोष्टक, दशांशापर्यंत बरोबर. खाली "टाळा" असं ठळक लिहून साखर, गूळ, बटाटा, आंबा, चिकू, केळं, साबुदाणा, मैदा. सरांनी कोष्टकाकडे पाहिलंही नाही.

"अकाउंट्स, हा माणूस उद्या सकाळी उठल्यावर काय खाईल?"

"यातलं सोडून काहीही, सर."

"'काहीही' कुठल्या दुकानात मिळतं?"

मुली हसल्या. मीही हसलो, कारण प्रश्न बरोबर होता. आज लोणावळ्यात माझं छोटं सल्लाकेंद्र आहे. चिक्कीच्या भट्टीवर काम करणारे, हॉटेलांतले आचारी, रेल्वेतून निवृत्त झालेले असे लोक येतात. माझ्या तक्त्यांत तो शब्द नसतो. भट्टीवरच्या माणसाला चिक्की टाळा सांगून काय उपयोग? तो दिवसभर पाकाची चव बघतो. त्याला मी घरून निघताना काय खाऊन निघायचं ते सांगतो, म्हणजे चव बघताना पोट भरलेलं असतं.

पण सरांचं खरं शिकवणं वर्गात नव्हतंच. ते रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या मागे होतं, जिथे वॉर्डांतून ताटांच्या ट्रॉल्या परत येतात. दुपारची जेवणं उरकली की अॅप्रन, टोप्या, हातमोजे घालून आम्ही तिथे जमायचो. संसर्गाच्या वॉर्डाची ताटं वेगळी जात, बाकीची सगळी आमच्यासमोर. प्रत्येक ताटाला खाटेच्या क्रमांकाची चिठ्ठी. कोणत्या खणात काय उरलं ते बघायचं, काट्यावर तोलायचं आणि दिलेल्यातून वजा करायचं. विद्यापीठाच्या वेळापत्रकात याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. स्वयंपाकघरातले लोक त्याला उष्ट्याचा तास म्हणत, आणि सरांना उष्टे सर.

पहिल्या दिवशी एकही हात पुढे झाला नाही. एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, आमच्याकडे दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावत नाहीत."

"तुमच्याकडे भांडी कोण घासतं?"

"बाई येतात."

"म्हणजे हात लागतो. फक्त तुमचा नसतो."

सुदुंबऱ्याची प्रणाली म्हणून एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. तिने हातमोजे ओढले आणि पहिलं ताट काट्यावर ठेवलं. "पोळी निम्मी, सर. भाजी पूर्ण तशीच." सर खूश झाले. म्हणाले, "वाढलेलं मोजायला वाढपी पुरतो. तुम्ही गिळलेलं मोजा."

त्या तासात सर ताटांशी बोलल्यासारखे बोलत. वरणाची वाटी कडेपर्यंत भरलेली परत आली की, "हे थंड पोचलं." भाकरीचे फक्त काठ उरलेले दिसले की, "हिरड्या दुखतायत, सिस्टरना सांगा." एकदा गोड शिरा पूर्ण संपलेला आणि पोळीभाजीला हातही न लावलेला दिसला. सर म्हणाले, "पेशंट नाही, भेटायला आलेला नातू." खरोखर नातू होता. मला त्यात हिशेबाची शिस्त दिसायची. कँटीनमध्ये आम्ही किती शिजलं ते लिहायचो, किती खाल्लं गेलं ते कधीच नाही.

माझ्याकडे अभ्यासासाठी जो पेशंट आला तो टाकवे बुद्रुकचा. वय सत्तरीच्या पुढचं. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, पण जखम भरत नव्हती. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या खाटेशेजारी त्यांच्या पत्नी बसलेल्या असत. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला, तो संध्याकाळी येऊन जाई.

जखम भरायला प्रथिनं लागतात. आबांचं वजन आणि जखम बघून मी दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनांचा आहार बांधला. दूध, दोन अंडी, घट्ट वरण, उसळ, दही, शेवग्याच्या शेंगांची आमटी. ताटं परत येत ती लख्ख. उष्ट्याच्या तासात माझ्या आबांचं ताट काट्यावर ठेवलं की उरलेलं शून्य. मुली म्हणत, "काका, तुमचा पेशंट सगळ्यांत शहाणा."

तरी वजन उतरत होतं. वॉर्डात खुर्चीचा काटा होता, पेशंटला बसवून तोलायचा. दर वेळी आकडा आधीच्याहून खाली. मी काटा तपासून घेतला, त्यावर स्वतः बसून पाहिलं. काटा बरोबर होता. सर्जननी राउंडला सांगितलं, "तोंडाने पुरत नाही असं दिसतंय. सोमवारी पुन्हा वजन करू. अजून उतरलं असेल तर नाकातून नळी घालून वरून आहार देऊ."

नळीचं ऐकून मावशींचा हात गळ्याशी गेला. सर्जन पुढे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "सायेब, नळी म्हंजी ती नाकातली?"

"हो, पण थोडे दिवसच असते."

"आमच्या वाडीतल्या एकीला घातलती. पुन्हा घरी आली न्हाई ती."

नळी हा वाईट उपाय नाही, ती अनेकांना तारते. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर आबांवर होती. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. ते म्हणाले, "नळीपरीस मला घरी न्या. हितं ऱ्हाऊन काय हुनार."

त्या दुपारी उष्ट्याच्या तासाला मी आबांचं ताट ठेवलं. नेहमीसारखं लख्ख, फक्त आमटीच्या वाटीत शेवग्याच्या शेंगांचा चोथा. सर पुढे जायला निघाले आणि थांबले. चिमट्याने त्यांनी एक चोथा उचलला आणि उजेडात धरला. शेंग दातांखाली इतकी रगडली होती की नुसते धागे उरले होते.

"हे कुणी खाल्लं?"

"आबांनी, सर."

"छान दात आहेत आबांचे. चला, बघून येऊ."

आम्ही सगळे वर गेलो. सर खाटेपाशी वाकले. "आबा, आ करा बघू." आबांनी तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"कवळी?"

"घरी हाय. डब्यात."

"लावत नाही?"

"टोचती."

चावता येतं का, असा प्रश्न माझ्या नोंदीत होता आणि त्यापुढे "हो" होतं. आबांनी "व्हय" म्हटलं होतं. सत्तरीचा कुठला माणूस अनोळखी लोकांसमोर नाही म्हणेल?

मला वाटलं, आता सर माझी हजेरी घेतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्टूल ओढून ते मावशींसमोर बसले आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "मावशी, आज शेंगांची आमटी कशी होती?"

"चांगली हुती की. मीठ जरा कमी हुतं," मावशी म्हणाल्या, आणि लगेच पदर तोंडावर धरला.

प्रणालीला हसू आलं, तिने मान फिरवली. आबाही हसले, हिरड्या दाखवत. "धरली की गं तुला," ते म्हणाले.

"काय धरली? चोरी केली का मी?" मावशी त्यांच्यावर उलटल्या. मग सरांना म्हणाल्या, "ह्यांनी दोन घास खाल्ले की ताट सारत्यात. आन्न टाकून कसं द्यायचं? आन् भरलेलं ताट गेलं की समदी येऊन म्हाताऱ्याला बोलत्यात. सिस्टर बोलती, ह्ये सायेब बोलत्यात. म्हनून मी संपिवते."

"आबा, तुम्ही का सारता?"

"मला न्हाई चावत. आन् तिनं तरी काय खायाचं? खाली कँटिनात ती एकटी जात न्हाई. सकाळच्याला च्या घेती, मंग दिसभर बसती. भूक सोसत न्हाई तिला."

म्हणजे माझे साठ ग्रॅम रोज पोटात जातच होते, फक्त ते पोट मावशींचं होतं. आबांना वाटे की बायको उपाशी आहे म्हणून ते ठेवत, आणि मावशींना वाटे की नवऱ्याला बोलणी बसतील म्हणून त्या संपवत. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.

सर उठले. "या आठवड्याचं प्रॅक्टिकल ठरलं. आबा आणि मावशी. दोन ताटं."

आमच्या विभागाचं शिकवण्याचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर होतं. तिथे जे शिजायचं ते एरवी आम्हीच खायचो. मावशींना तिथे नेलं. आबांना घरी काय आवडतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पेज द्या. मऊ पेज, मीठ आन् तूप."

मी हिशेब केला. "मावशी, तुमच्या पेजेतून मला हवं ते निम्मंही निघत नाही."

"मंग तुमी घाला की त्यात काय घालायचं त्ये."

आम्ही घातलं. दुधाची पावडर घातली तर आबा म्हणाले, "औषिदाचा वास येतोय." वाटलेलं चिकन घातलं तर, "ह्ये काय हाय?" अंडं उकडून कुस्करलं तर त्यांनी तोंड फिरवलं. सरांनी तो आठवडा आबांचा आहार स्वतःसाठी घेतला होता, त्यामुळे आबांनी नाकारलेलं सगळं त्यांना खावं लागलं. चिकनच्या पेजेनंतर ते म्हणाले, "आबांचं बरोबर आहे."

शेवटी जमलं ते असं. रुग्णालयाचा तांदूळ मोकळा शिजायचा, एकेक दाणा वेगळा. बिनदातांच्या तोंडात तो फिरत राहतो. आम्ही इंद्रायणी तांदूळ आणून मऊ, आसट भात केला. वरणाऐवजी मूगडाळीची आमटी, जास्त डाळीची, घोटून. ती उकळत असताना फेटलेलं अंडं धारेने सोडलं, म्हणजे वेगळं लागत नाही. वर तूप. मधल्या वेळी दूध आणि दही. मी पुन्हा बेरीज केली. साठ झाली.

मावशींनी चव घेतली. "खातील," त्या म्हणाल्या.

पण वॉर्डात दोन्ही ताटं नेल्यावर आबांनी दोन घास खाल्ले आणि आपलं ताट मावशींकडे सारलं. मावशींचं स्वतःचं भरलेलं ताट समोर होतं आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"मावशी, सुरू करा ना," मी म्हणालो.

"ह्यांचं झाल्याबिगर मी कधी बसलीये? लगीन झाल्यापास्नं न्हाई."

"आन् ती बसल्याबिगर माझ्या घशाखाली उतरत न्हाई," आबा म्हणाले. "घरी ती चुलीपाशी असती, दिसत न्हाई. हितं समूर बसून बघत ऱ्हाती. कसं खानार मानूस?"

सरांनी डोकं खाजवलं. असा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता. मग ते गंभीरपणे म्हणाले, "मावशी, हा उपचाराचा भाग आहे. एक घास त्यांनी, एक घास तुम्ही. तुम्ही थांबलात की त्यांचा डोस चुकला."

मावशी लाजल्या. ताट मांडीवर घेऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पाठ आबांकडे ठेवून पहिला घास घेतला. आबा म्हणाले, "व्हय, दिसलं. चल आता माझा." असं करत दोघांची ताटं अर्ध्याच्या खाली गेली. पुढच्या जेवणाला मावशी बाजूला तोंड करून बसल्या. त्याच्या पुढच्याला समोर. सर रोज जेवणाच्या वेळी वॉर्डात येत, खाटेपाशी काही बोलत नसत, नुसते खिडकीशी उभे राहत. आबांच्या ताटात रोज थोडं उरायचं. मी ते वजा करायचो आणि पोटात गेलेला आकडा बरा येत होता. तरी सोमवारच्या काट्यावर काय दिसेल हे सांगता येत नव्हतं. वजन इतक्या लवकर चढत नाही, हे मला ठाऊक होतं. उतरायचं थांबलं तरी पुरे होतं.

रविवारी मावशींनी मला विचारलं, "सायेब, किती भरंल उद्या?"

"सांगता नाही येत, मावशी."

"तुमी तर समदं मोजता."

सोमवारी सकाळच्या वजनाला सर आले, प्रणाली आली, सिस्टरही थांबल्या. आबांना खुर्चीत बसवलं. आकडा हलला आणि मागच्या आकड्यावरच थांबला. मी उतरवून पुन्हा बसवायला सांगितलं. आबा कुरकुरले, "आता काय दळन हाय का मी?" दुसऱ्यांदाही तोच आकडा. उतरायचं थांबलं होतं.

त्या दिवशी सर्जनना शस्त्रक्रियेमुळे उशीर झाला. ते वॉर्डात आले तेव्हा जेवणं चालू होती. त्यांनी वजनाची नोंद पाहिली, माझा हिशेब पाहिला, सरांकडे पाहिलं. "ठीक आहे. नळी राहू दे. अजून आठवडाभर असंच चालू ठेवा. जखम बघू या जरा."

मावशींनी घाईघाईने ताट खाटेखाली सारलं आणि उठायला लागल्या. घास अजून तोंडातच होता.

आबांनी हात वर केला. "डाक्टर, जरा दम धरा. तिचं हुंद्या आधी."

सिस्टर पुढे झाल्या, पण सर्जन थांबले. सरांनी खाटेभोवतीचा पडदा ओढला, आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. सर पडद्याकडे पाठ करून उभे होते. सर्जननी हळूच विचारलं, "किती वेळ लागेल?"

"जेवण आहे," सर म्हणाले. "होईल."

आत ताट फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. मग आबांचा आवाज आला, "आमटी घे की अजून. नुसता भात काय खाती."